दार नसलेला उंबरा
दाराची लोखंडी कडी लावली की तळहाताला तिचा गंजका वास चिकटतो, आणि शनिशिंगणापूरच्या शिवारातली ती सकाळ जागी होते. उसाच्या दाट भिंतींमधल्या पायवाटेने मैत्रीण आणि मी माउंटन बाइक दामटत होतो; ओला गार चिखल पोटऱ्यांवर उडत होता, आणि तिच्या जाड चाकाखाली शेताला चाललेल्या पाटाची कड फुटली. पाणी वाटेवर पसरले. शेतकरी धावत आला आणि त्याने खोऱ्याचा दांडा तिच्या डोक्यावर हाणला. हेल्मेट तडकले, दुसऱ्या फटक्याने भुवई फुटली. सायकली टाकून मी तिला ओढत समोरच्या घरात शिरले, दार लोटायला हात मागे नेला, तर हाताला नुसती हवा लागली. या गावात घरांना दारे नसतात, हे भीतीने डोक्यातून पुसून टाकले होते. चुलीपाशी बसलेली बाई उठली आणि कोयता घेऊन, आमच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर उभी राहिली. “वैनी, सरका! लई दिसांनी पान्याची पाळी आल्ती, समदं पानी घालवलं ह्यांनी!” तो ओरडला. “मंग हितं कशाला नाचताय, भावजी? पानी अडवा जा. उंबरा वलांडला तर हात तोडीन.” त्याने चौकटीवर दांडा आपटला, लाकडाच्या ढलप्या उडाल्या, आणि तो पाण्याकडे पळाला. मैत्रिणीचे रक्त सारवलेल्या जमिनीत मुरत होते, बाई मात्र वळली नाही. आता माझ्या दाराला दोन कड्या आहेत. दोन्ही लावून झाल्या, तरी डोळे त्या बाईची पाठ शोधतात.