दर उतरेपर्यंत थांब, अक्का

बीदरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. या कामानं माणसाला एक वाईट खोड लागते. कुणी साधा भाव विचारला तरी मी सिद्धान्त सांगत बसतो. दोन वर्षांपूर्वी या खोडीपायी माझ्या सख्ख्या अक्काचं घर जाता जाता राहिलं.

आमचं घराणं मूळचं संतपूरकडचं, मेंढपाळांचं. मेंढरं आजोबांबरोबर संपली, पण अक्काच्या दोन शेळ्या काही सुटल्या नाहीत. ती आणि दाजी बीदरच्याच नौबाद भागात भाड्यानं राहायची. शेळ्यांपायी तीन घरमालकांनी त्यांना बाहेर काढलं होतं. मागं मोकळी जागा असलेलं स्वतःचं घर, एवढंच तिला हवं होतं. त्या वर्षी घरांना गिऱ्हाईक नव्हतं. जवळच एका कंत्राटदारानं ओळीनं बांधलेली सात घरं कुलपं लावून पडली होती, आणि त्यातल्या कोपऱ्यावरच्या घरामागं छान मोकळी जागा होती.

"घेऊ का, तम्मा?" अक्कानं विचारलं. माझे केस पांढरे झाले तरी तिच्यासाठी मी तम्माच, धाकटा.

"थांब," मी म्हणालो. "घरांचा बाजार पडला की मध्यवर्ती बँकेनं व्याजदर झटकन उतरवायला पाहिजेत. उतरवतीलच. कर्ज स्वस्त झालं की घे."

"झटकन कामून? उपाशी मेंढरं एकदम हिरव्या रानात सोडत न्हाईत. पोट फुगून मरतेत. जरा जरा चारावं लागतंय."

"अक्का, देशाचा कारभार म्हणजे मेंढवाडा नव्हे."

"व्हय बाबा," म्हणत तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

एका रविवारी आम्ही तिघं ते घर बघायला गेलो. कंत्राटदाराच्या ओसरीवर मी तासभर बोललो. दर, भाव, लोकांची भीती, सगळं उलगडून सांगितलं. सगळे माना डोलवत होते. कॉलेजात एवढं कुणी ऐकत नाही, म्हणून मी भलताच खूश झालो.

दोन महिन्यांनी दर खरंच उतरला. पेपर काखेत मारून मी आधी कंत्राटदाराकडे गेलो. घरांच्या ओळीसमोर दोन मोटारी उभ्या होत्या.

"भाव वाढलाय, सर," तो हसत म्हणाला. "कोपऱ्याचं तर कवाच गेलं."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. स्वस्त कर्जाचा फायदा घर घेणाऱ्याच्या हाती पडण्याआधीच भाव त्याला गिळून बसला होता. हे माझ्याच पाठ्यपुस्तकात शेवटच्या धड्यात आहे. परीक्षेत येत नाही म्हणून तो धडा मी दरवर्षी गाळतो.

अक्का शेळीची धार काढत होती. "माझ्यामुळं तुझं घर गेलं," मी म्हणालो.

"कुणाला गेलं, ते इचारलास का?"

मी मानेनंच नाही म्हणालो.

"त्या रविवारी तू समजावून सांगायलास, तवा ह्येंनी टॉवेलाखाली सौदा पक्का केला."

आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. कंत्राटदाराचा बाप बैलांचा दलाल होता. माझ्यापासून दोन हातांवर दाजींचा सौदा झाला आणि मला पत्ताही नव्हता.

"बँकेतल्या बाईला म्या इचारलं होतं," अक्का म्हणाली. "दर उतरला की आधी घेतलेल्या कर्जाचं व्याजबी उतरतंय म्हणली. मग थांबायचं कामून? व्याज मागनं कमी होतंय. घराला चढा भाव दिला, तर त्यो मागनं कमी होतोय व्हय?"

"मग दोन महिने मला सांगितलं का नाहीस?"

"लई जीव लावून सांगायलास, तम्मा. तुझं मन मोडवंना."

हसू आणि रडू एकदमच आलं. मी वाकून तिच्या पाया पडलो.

"उठ," ती म्हणाली. "उद्या सामानाला टेम्पो येणार हाय. कॉलेजाला सुट्टी टाक."