लाँड्रीच्या गाडीचा सोमवार

मिस्त्रीला गल्लीत सगळे वकील म्हणायचे, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. गाडी आली की बाकीचे मेकॅनिक आधी बॉनेट उघडतात. हा आधी मालकाला स्टुलावर बसवायचा आणि उलटतपासणी सुरू करायचा. गाडी कधी बिघडली, चढावर की उतारावर, आत माणसं किती, आदल्या दिवशी कुठे उभी होती, शेजारी सासूबाई बसल्या होत्या का. शेवटच्या प्रश्नाचा इंजिनाशी काय संबंध, असं कुणी विचारलंच तर सासूबाई शेजारी असल्या की भलेभले चुकीचा गिअर टाकतात, असं तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. तीस वर्षांत आपल्या हातून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आलेली नाही, हेही तोच सगळ्यांना सांगत असे, त्यामुळे ते कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

अशा माणसाच्या तोंडचं पाणी लाँड्रीच्या जुन्या व्हॅननं पळवलं.

दोन गल्ल्या पलीकडे एका काका-काकूंची लाँड्री होती. काकू दर सोमवारी सकाळी इस्पितळाच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे व्हॅनमध्ये भरून निघायच्या, आणि चौक ओलांडायच्या आत गाडी मिसिंग मारायला लागायची. चार सिलिंडरांपैकी एकानं अंग काढून घेतलं की उरलेले तिघे त्याच्या नावानं बोटं मोडत काम ओढतात, तसं चालायचं. गाडी झटके खात, थरथरत कशीबशी इस्पितळाच्या दारात पोचायची. तिथून परत येऊन काकू ती गॅरेजात आणेपर्यंत इंजिन असं शहाण्यासारखं चालायचं की काकूच खोट्या ठराव्यात. मग शनिवारपर्यंत कसली म्हणून तक्रार नाही. सोमवार उजाडला की पुन्हा तेच.

पहिल्या सोमवारी मिस्त्रीनं चारही प्लग बदलले. दुसऱ्या सोमवारी कार्बोरेटर उघडून साफ केला. तिसऱ्या सोमवारी कॉइल बदलली, टाकीतलं पेट्रोल काढून नवं भरलं आणि काकूंना स्टुलावर बसवून पाऊण तास प्रश्न विचारले. काकूंनी सगळ्यांची उत्तरं दिली. सोमवारी ओझं जास्त असतं का, तर नाही, गुरुवारी जास्त असतं. रविवारी उभी राहून इंजिन गार पडतं म्हणून होत असेल, तर मध्ये बुधवार-गुरुवार दोन दिवस सुट्टी होती तेव्हा गाडी छान सुरू झाली होती. मिस्त्रीनं डोकं खाजवलं. जाता जाता इंजिन इतकं लख्ख ठेवल्याबद्दल त्यानं काकूंचं कौतुक केलं. काकूंना वाटलं, स्वतःच पुसून घेतलंय आणि आता स्वतःचीच पाठ थोपटून घेतोय. त्या नुसत्या हसल्या.

चौथ्या सोमवारी मात्र त्या हसल्या नाहीत.

"मिस्त्री, तुमच्यावर राग नाही माझा," त्या म्हणाल्या. "पण इस्पितळातल्या बाई आता घड्याळ बघत दारात उभ्या असतात. हे काम गेलं तर लाँड्रीत राहिलं काय? एक जण गाडी घ्यायला तयार आहे. येत्या सोमवारी पुन्हा असं झालं तर संध्याकाळी मी त्यांना किल्ली देणार. फक्त आमच्या घरी बोलू नका. यांना सांगितलेलं नाही मी."

का सांगितलेलं नाही, ते मिस्त्रीला ठाऊक होतं. बावीस वर्षं ही गाडी काकांनीच चालवली होती. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की नजर आता परत यायची नाही. त्या दिवशी काकांनी मुकाट्यानं किल्ली काकूंच्या हातात दिली. तेव्हापासून ते लाँड्रीत हातानं चाचपून टॉवेलांच्या घड्या घालत बसायचे. त्यांना माणसांचे चेहरे दिसत नसत, पण चादरीच्या कापडावरून ती कुठल्या वॉर्डातली, हे ते बिनचूक सांगायचे.

मिस्त्रीला आठवडाभर चैन पडलं नाही. जेवताना मध्येच घास हातात धरून तो विचारात बुडायचा. बायकोनं एकदा भाजीत मीठ नाही का म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, तपासून सांगतो. शनिवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या डोक्यात एवढंच आलं की गुन्हा सोमवारी उघडकीला येत असला, तरी तो घडत असणार रविवारी. आणि रविवारी गाडी कुठे असते, हे त्यानं विचारलं होतं, पण तिच्याजवळ कोण असतं, हे विचारलंच नव्हतं. जो गाडी चालवतो त्याचीच साक्ष घ्यायची, ही त्याची तीस वर्षांची सवय होती.

रविवारी सकाळी तो लाँड्रीच्या मागच्या अंगणात शिरला. काकू बहिणीकडे गेल्या होत्या. व्हॅनचं बॉनेट उघडं होतं. काका बनियनवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. एका हातात रबरी पाइप, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश, आणि इंजिनावर साबणाचा असा फेस की आत मशीन आहे की न्हाणारं बाळ, हे कळू नये.

मिस्त्री दोन पावलं पुढे गेला. पावलांच्या आवाजावरून काकांनी ओळखलंच.

"या, मिस्त्री. आमच्या हिला सांगू नका हं. तिला वाटतं मी बाहेरून फडकं मारतो. पण म्हटलं, आता चालवता येत नाही, तर निदान आतून स्वच्छ तरी ठेवावी. दर रविवारी अर्धा तास देतो. धुतल्यावर बिघडली अशी वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही."

चाळीस वर्षं लाँड्री चालवलेल्या माणसाचं हे मत होतं. मिस्त्रीला हसू आलं, आणि ते त्यानं लगेच आवरलं. इतक्या आठवड्यांचा चोर समोर सापडला होता, आणि त्याच्या हाताला साबण लागलेला होता.

त्याला गोडगोड बोलून वेळ मारून नेता येत नसे. त्यानं काकांना बाजूला बसवून सरळ सांगितलं की या इंजिनात प्लग खोल खळग्यात बसतात, खळग्यात पाणी साचलं की ठिणगी प्लगपर्यंत न पोचता पाण्यातूनच वाट काढते आणि तो सिलिंडर बंद पडतो. गाडी तासभर पळून तापली की पाणी वाळतं, म्हणून गॅरेजात काही सापडत नाही.

काकांच्या हातातला पाइप खाली आला. पाइपातलं पाणी त्यांच्या पायांवर वाहत होतं.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "ती बिचारी रस्त्यात गाडीशी झगडत होती, आणि मी इथे मोठ्या प्रेमानं..."

मिस्त्रीनं नळ बंद केला. मग दुसरं काही न सुचून त्यानं इंजिन सुरू केलं. गाडी थरथरू लागली. कुठला सिलिंडर बंद आहे ते पाहायला चिमट्यानं प्लगच्या वायरी एकेक करून उपसायच्या, इतकंच काम होतं. तो पहिलीला हात घालणार, तोच काका उठून जवळ आले.

"तिसरी काढा आधी. प्लगवर बसते त्या तिच्या टोपीचं रबर खालून चिरलंय. डोळ्याला नाही दिसायचं, पण माझ्या बोटाला दर रविवारी लागतं."

मिस्त्रीनं तिसरी काढली. इंजिनाच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही. म्हणजे तोच सिलिंडर आधीपासून बंद होता. इंजिन थांबवून त्यानं खळग्यात चिंधी घातली, ती निथळत बाहेर आली. टोपी उलटी केली, तर आतल्या बाजूला नखाएवढी चीर. पाणी आत शिरायची वाट हीच. चार वेळा ही टोपी त्याच्या हातातून गेली होती. त्यानं काकांना तसं कबूल केलं, आणि ते कबूल करताना त्याला फारसं जड गेलं नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

तेवढ्यात काकू आल्या. फेस, पाइप, उघडं बॉनेट पाहून त्यांचा आवाज चढणार होता. पण काकाच आधी बोलले. सोमवारी गाडी बिघडते ती आपल्यामुळे, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. काकूंनी नवऱ्याच्या ओल्या, सुरकुतलेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"मी लाँड्रीतून बोलतेय," त्या म्हणाल्या. "त्या गाडीचं विसरा. ती द्यायची नाहीये. नाही, किमतीचा प्रश्नच नाही."

"कुठली गाडी?" काकांनी विचारलं.

"आहे एका वेड्याची," काकू म्हणाल्या. दोरीवरचा एक कोरडा टॉवेल ओढून त्यांनी काकांच्या हातात दिला. "हे घ्या, आणि ते खळगे नीट कोरडे करा. उद्या सहाला निघायचंय. तुम्हीही चला शेजारी बसायला. तिला काय होतंय ते मला नाही कळत."

काकांनी टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळलं आणि वाकून तिसरा खळगा शोधला.