रुक्सानाभाभींचा फ्रान्सचा पिक्चर

रुक्सानाभाभींच्या हातात एकदा हात दिला की तो लवकर सुटत नाही. जुन्नरच्या आणि घोडेगावच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान लागतं. बाईचा पंजा आवळून धरायचा, अंगठ्याचा सांधा दाबत एकेक काकण चढवायचं आणि तेवढ्या वेळात तिला फ्रान्सची राज्यक्रांती सांगायची. हात अडकलेली बाई जाणार कुठे?

हे वेड आमच्या वाचनालयातून लागलं. मी तिथे पुस्तकं देते-घेते. कुणीतरी परत केलेलं फ्रान्सच्या इतिहासाचं पुस्तक त्यांनी सहज उचललं, आणि परत आणलं ते टेबलावर आपटलंच.

"तेजस्विनी, तुरुंग फोडला त्याला अख्खा धडा. आन् बाजारातल्या बाया पावसात चालत राजाच्या दारात गेल्या, भाकरी मागितली, राजाला संगं घिऊन पॅरिसला आल्या, त्यास्नी एक ओळ? ह्या लिहिणाऱ्याला जेवाया कोण वाढतंय?"

मग त्यांनी आमच्याकडचं फ्रान्सवरचं सगळं वाचून काढलं. त्याच क्रांतिवाल्यांनी पुढे चार वर्षांत बायकांच्या सभांवर बंदी घातली, हे वाचलं त्या दिवशी त्या इतक्या तापल्या होत्या की बांगड्या चढवताना हातातच फुटत होत्या. मला त्यांचा राग आवडतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या बायांसाठी चिडणारी दुसरी बाई मला आमच्या तालुक्यात अजून भेटलेली नाही. आपल्याकडे शेजारणीसाठीसुद्धा कुणी चिडत नाही.

त्यांची खरी श्रोती साळुबाई. घोडेगावच्या बाजारात भाभींच्या शेजारी मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. त्या पॅरिसच्या बायांमध्ये भाजीवाल्या, मासेवाल्या होत्या हे ऐकल्यापासून तिला त्या आपल्या भावकीतल्याच वाटायला लागल्या. मी या काळावरचा एक फ्रेंच सिनेमा शोधला. बोलणं फ्रेंच, खाली हिंदी अक्षरं.

"मला कुठं वाचाया येतंय?" साळुबाई म्हणाली.

"मी वाचून दावीन. एक शब्द सोडणार न्हाई," भाभींनी शब्द दिला.

साळुबाई माझ्या माहेरच्या गावची. शिनोलीच्या पुढे आहे, नाव सांगत नाही. माहेराची अब्रू मीच कशाला काढू? यंदा यात्रेला तिथल्या कमिटीला सिनेमा दाखवायचा होता आणि मशीन आमच्या वाचनालयाचं. भाभींनी मला अट घालायला लावली, मशीन हवं तर सिनेमा हाच. कमिटीचे रामदासभाऊ म्हणाले, "मारामारी हाय ना? मग चालतंय."

दिवेलागणीला आम्ही पोहोचलो आणि पाहिलं तर पडदा मैदानाच्या मधोमध. पुढे खुर्च्यांवर पुरुष, पडद्याच्या मागे मातीत बायका. तंबूतल्या सिनेमापासूनची ही रीत. तेव्हा पिक्चर हिंदी-मराठी असायचे, मागून बघितलं तरी ऐकू यायचं. फार तर हिरो डाव्या हाताने मारायचा. पण या सिनेमात बोलणं फ्रेंच, आणि मागून खालची अक्षरं उलटी! कमिटीत एवढे शिकलेले बाप्ये, एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. आलं असेल तर बोलला नाही.

"सगळ्यांस्नी पुढं बसवा," भाभी म्हणाल्या.

"पूर्वीपासून असंच हाय, भाभी," रामदासभाऊ हसले. "बायांनी चितरं बघावीत. तुमी पावण्या, तुमाला पुढं खुर्ची टाकतो."

"आन् ह्या?"

"आवो, बायांच्या शब्दावर जागा सोडाया आमी काय बांगड्या भरल्यात व्हय?"

मला ते वाक्य लहानपणापासून डोक्यात जातं. भाभींचं तर पोटच बांगड्यांवर.

"बांगड्या भरून घ्यायला कळ सोसावी लागती, रामदासभाऊ. तुमचं काम न्हाई ते," त्या म्हणाल्या आणि खुर्ची सोडून साळुबाईच्या शेजारी मातीत बसल्या.

सिनेमा सुरू झाला. भाभी डोळे बारीक करून ती उलटी अक्षरं लावू बघत होत्या. एखादा शब्द लागेपर्यंत ओळ निघून जायची. पुढचे पुरुष वाचून हसत होते, च्-च् करत होते, आणि आम्ही मागे मुक्या-बहिऱ्यांसारख्या बघत होतो. माझ्या अंगाची आग आग होत होती.

मग तो प्रसंग आला. पॅरिसचा बाजार, रिकाम्या टोपल्या, एक बाई ओरडून काहीतरी सांगते आणि बाया निघतात.

"काय म्हणती गं ती?" साळुबाईने भाभींचा दंड धरला. "सांग की. हितलंच तर आईकायचं व्हतं."

भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. "साळू, मला बी वाचता यीना."

मग त्या उठल्या. पदर खोचला. "चला," एवढंच म्हणाल्या.

साळुबाई उठली, मी उठले, मग मागच्या बाया एकेक करून उठल्या. पडद्याला वळसा घालून आम्ही थेट खुर्च्यांच्या पुढे आलो. आमच्या सावल्या पडद्यावर पडल्या आणि त्या पॅरिसच्या बाया झाकून गेल्या. "बसा खाली! मागं व्हा!" पुरुष ओरडायला लागले.

"बसतो की," साळुबाई म्हणाली आणि पहिल्या खुर्चीच्या पायाशी फतकल मारून बसली. बाकीच्याही बसल्या.

रामदासभाऊंनी मशीन बंद केलं. "मागं गेल्याबिगर चालू व्हनार न्हाई!"

कुणी हललं नाही. पांढरा पडदा वाऱ्यावर फडफडत होता. पहिल्यांदा रामदासभाऊंची स्वतःची आईच बोलली. तीही आमच्यातच बसली होती. "रामदास, मी चुलीफुडून उठून आलीया. लाव गपगुमान."

रामदासभाऊ मशीनकडे वाकले. पॅरिसच्या बाया चालायला लागल्या होत्या, तिथूनच पुन्हा सुरू करणार होते.

"तिथून न्हाई," भाभी म्हणाल्या. "पयल्यापासून लावा. आमी अजून कायबी वाचलेलं न्हाई."

पुरुषांनी तो अर्धा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला, आणि भाभींनी एक शब्द सोडला नाही.