चेंडूवरची सही माझी आहे

जावईबापू, तुमच्या काचेच्या डबीतल्या चेंडूवरची सही मी केलेली आहे. तोंडावर सांगायचं धैर्य आजवर झालं नाही, म्हणून लिहितो.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत अल्फारेटाला लेकीकडे, म्हणजे तुमच्याकडे, होतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही त्या चेंडूची कथा ऐकवायचात. सही करणारा बेसबॉलचा गोलंदाज विशीतच देशभर गाजला. एका अख्ख्या सामन्यात कुणाला त्याचा एक चेंडू धड मारता आला नाही. मग कोपराचं ऑपरेशन झालं, संघाने काढून टाकलं. तीन वर्षं तो लहानसहान संघांबरोबर बसने गावोगाव हिंडला. छत्तिसाव्या वर्षी परतला आणि अंतिम सामना जिंकून दिला. त्याच दिवशी दोन तास रांगेत उभं राहून तुम्ही ही सही मिळवली होतीत.

एका दुपारी घरात मी एकटा. मी कॉलेजातला मध्यमगती गोलंदाज. डबी उघडली, चेंडू हाती आला आणि जुन्या सवयीने मी त्याला थुंकी लावून लेंग्यावर घासला. खाली पाहिलं, तर सही लेंग्यावर!

लेकीचं निळं पेन घेतलं आणि आठवेल तशी गिरवली. वाकडी आली, तरी तशीच डबी बंद केली.

रविवारी तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, "सही किती वाकडी आहे बघा काकू! ऑपरेशन झालेला हात. वेदना दिसतात यार त्यात." काकूंनी डोळे टिपले. मी आणखी एक बाकरवडी घेतली.

पुढच्याच महिन्यात तो खेळाडू गावातल्या लायब्ररीत आला. "बाबा, चला, ग्रेट माणूस बघाल," म्हणत तुम्ही मलाही नेलंत. चेंडू पुढे करून तुम्ही त्याला विचारलंत, "त्या दिवशी हात दुखत होता ना?"

त्याने सही निरखली, मग मला. मी छताकडे बघत होतो.

"फार," तो म्हणाला. "परत करून देऊ?"

"नको, नको! खरी सही खराब होईल!" म्हणत तुम्ही गाडीतून कॅमेरा आणायला पळालात.

तो माझ्याकडे वाकला. "ऑपरेशन डाव्या हाताचं. सही मी उजव्याने करतो."

मी पँटवर चेंडू घासायचा अभिनय करून दाखवला. तो पोट धरून हसला. "बसने हिंडायचो तेव्हा खरी सहीसुद्धा कुणी मागत नव्हतं. तुम्ही तर खोटी केलीत!"

आणि त्याने एका कागदावर सही करून दिली. ती आजवर माझ्या पासपोर्टात लपवली होती. सोबत पाठवतोय. चांगली सरळ आहे. आता काकूंना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.