इंजिनाच्या आवाजावर

आकाशात विमान हरवतं, हे ज्याचं हरवलेलं नाही त्याला थाप वाटते. एवढं उघडं आभाळ, नजर हलवली नाही तर विमान जाईल कुठे? पण बत्तिशीचं हरवलं, आणि तेही नजर न हलवता.

बत्तिशी हे मैदानावरच्या लोकांनी त्याला ठेवलेलं नाव. जन्मभर त्याने कवळ्या बनवल्या. निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, असं तो स्वतःच सांगत फिरायचा आणि सुट्टीच्या दिवशी रिमोटवरची विमानं उडवायचा. मग त्याच्या दोन्ही डोळ्यांत बरोबर मधोमध डाग पडला. कडेचं दिसायचं, समोरचं जायचं. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. कवळ्यांचं काम सुटलं, तेव्हा तो दोन दिवसांत सावरला. विमान हरवलं त्या दिवशी मात्र त्याने ताटाला हात लावला नाही.

विमान बॅटरीवरचं होतं. बॅटरीची मोटर जरा लांब गेली की ऐकूच येत नाही. त्याने ते वळवलं, ते त्या डागात शिरलं आणि बाहेर आलंच नाही. शेवटी ते एका झुडपात सापडलं. शोधून आणणारा फटफट्या, म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर आणि बत्तिशीचा जुना मित्र. सगळं मैदान बॅटरीवर गेलं तरी हा बाबा आपला इंजिनालाच चिकटून होता. मुठीत मावेल एवढं इंजिन, पण आवाज असा की कुत्री पळायची.

"तुझ्याकडचं एखादं जुनं इंजिन दे," बत्तिशी त्याला म्हणाला. "ह्यातली मोटर काढून मी ते बसवतो."

"तू? माझ्या धुराला जन्मभर नावं ठेवलीस की रे."

"दिसत नाही, तर निदान ऐकू तरी येईल. चढताना इंजिन कण्हतं, नाक खाली गेलं की किंचाळतं. मला तेवढं पुरे."

फटफट्याने त्याच्याकडे पाहिलं. "त्यापेक्षा माझा रिमोट तुझ्या रिमोटला जोडू. चुकलास तर मी सांभाळतो."

"मग उडवलं कोणी? तू का मी?" बत्तिशी म्हणाला. "मला ते माझ्या हाताने उडवायचंय. नाही जमलं, तर मी आंधळा झालो असं मी स्वतःच म्हणेन. डॉक्टरांनी म्हणायची गरज नाही."

लोकांना वाटतं मोटर काढली, इंजिन लावलं, झालं काम. अहो, तसं असतं तर काय हवं होतं! मोटर गुपचूप फिरते, इंजिन सगळं विमान गदागदा हलवतं. मोटर धरणारी पुढची भिंत म्हणजे पुठ्ठ्याचं भावंड. तिच्यावर प्लायवूड चिकटवावं लागलं. इंधन म्हणजे स्पिरिट आणि तेल. ते लाकडात मुरलं की लाकूड भुसभुशीत होतं, म्हणून आतून सगळीकडे लेप दिला. मग टाकी. टाकीत मऊ नळी आणि तिच्या टोकाला पितळी वजन, म्हणजे विमान कसंही कलंडलं तरी नळीचं तोंड इंधनातच राहतं. इंजिनाचा जोर कमीजास्त करायला वेगळी तार. मोठी बॅटरी गेली, तेव्हा रिमोटचे इशारे पकडणाऱ्या रेडिओसाठी छोटी बॅटरी बसवावी लागली. हे सगळं त्याने मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने आणि बोटांनी केलं. स्क्रू सांडला की बायकोला हाक.

"अहो, स्वयंपाकघरात नका ना हे," ती म्हणायची. "डाळीला स्पिरिटचा वास येतोय."

"पोटात जंतू राहणार नाहीत."

ती हसायची नाही. आपला नवरा कशाच्या मागे धावतोय ते तिला कळत होतं, आणि ते हाती लागलं नाही तर पुढे काय, ह्याची तिला धास्ती होती. पण ती स्क्रू शोधून द्यायची.

शेवटी त्याने पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलून पाहिलं, तेही टाकी रिकामी ठेवून. उतरताना टाकी रिकामीच असते, तोल तेव्हाचा हवा. नाक किंचित जड ठेवलं, म्हणजे विमान आपलं आपण सावरतं. ह्यात त्याने तसूभरही चूक केली नाही. चूक पुढे झाली.

मैदानावर पहाटेचं कोणी नव्हतं. स्कूटर बायकोने चालवली होती. फटफट्याने प्लगला बॅटरीची चिमटी लावली, काठीने पंखा फिरवला आणि इंजिन तडतडत पेटलं. आता सुई, म्हणजे इंधन कमीजास्त करणारा स्क्रू, लावायची होती. सुई उघडली की इंधन जास्त जातं आणि आवाज जाडसर, घोगरा येतो. बंद करत नेली की आवाज चढत जातो. बत्तिशीने ती बंद करत करत इतकी आणली की कानठळ्या बसल्या.

"फार झालं," फटफट्या ओरडून म्हणाला. "उघड थोडी. उपाशी इंजिन तापतं."

"उघडली तर लांबून ऐकू येणार नाही."

"बंद पडेल रे."

"असंच राहू दे."

विमान सुटलं. आणि खरंच, त्याला सगळं कळत होतं. वळण, चढ, उतार, सगळं. बायकोने कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग पाहिला. त्याने एक मोठा फेरा मारला, दुसरा मारला. तिसऱ्यात नाक वर केलं, आणि आवाज एकदम उंच होऊन कापल्यासारखा थांबला.

मैदानावर काहीच ऐकू येईना. त्याचे अंगठे रिमोटवर थिजले. विमान कुठे आहे, सरळ आहे का उलटं, कशाचाच पत्ता नाही. असा भेदरलेला माणूस हमखास रिमोटवरचा दांडा ओढतो आणि विमान दगडासारखं पाडतो. त्यालाही तेच करावंसं वाटलं. त्याने दोन्ही अंगठे उचलले.

मग बऱ्याच वेळाने गवतात काहीतरी सरपटल्याचा आवाज आला.

"बसलं," फटफट्या म्हणाला. "इंजिन बंद, आणि ओरखडासुद्धा नाही. अरे, मला नाही असं उतरवता येत."

बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने त्याचा दंड धरला. बत्तिशीला त्या क्षणी गप्प राहता आलं असतं. त्या दोघांना कधीच कळलं नसतं.

"मी हात काढले होते," तो म्हणाला. "ते त्याचं त्याचं उतरलं."

फटफट्या गेला, विमान घेऊन आला, इंजिनावर फुंकर मारली. "सुई उघडतो. निवलं की परत उडव."

"तू उडव."

"अरे..."

"मी आंधळा झालोय. तू उडव, मी ऐकतो."

फटफट्याने इंजिन निवू दिलं, टाकी भरली आणि विमान उडवलं. आवाज आता घोगरा होता, लांब गेला की विरत होता. बत्तिशी स्कूटरला टेकून मान खाली घालून उभा राहिला. बायको विमानाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती. हात रिकामे होते, पण अंगठे हलत होते, आणि विमान वळायच्या जरा आधीच ते वळत होते. तिने तोंड फिरवलं आणि त्याला ऐकू जाणार नाही अशी रडली.