गुरम्मानं दाखवलेली जागा

गुरम्मा आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही नेमकं दगडावर कोरलं गेलं. नशीब म्हणतात ते हेच! लोक दिवसाला शंभर थापा मारून पचवतात, ढेकरसुद्धा देत नाहीत. हिची एकच थाप, पण ती काही पचली नाही.

लातूरच्या बाभळमाळ कॉलनीत आज चारमजली इमारती आहेत, मंगल कार्यालय आहे, क्लासच्या पोरापोरींनी भरलेली वसतिगृहं आहेत. बहात्तरच्या दुष्काळानंतर सिद्धराम चाकूरहून नवी नवरी घेऊन आला, तेव्हा इथं नुसत्या बाभळी होत्या. लोक म्हणाले, "येडं हाय का काय! कोल्ह्याकुत्र्यात ऱ्हायला निघालंय." सिद्धरामनं ऐकून घेतलं आणि मातीच्या चार भिंती उभ्या केल्या. गुरम्मा अर्ध्या कोसावरून डोक्यावर पाणी आणायची. पुढं प्लॉट पडले, यांना पलीकडच्या ओळीत प्लॉट मिळाला. मातीचं घर पाडलं आणि ती जागा कॉलनीची मोकळी जागा म्हणून राहिली.

पण त्या घराच्या परसात शिवकन्या राहून गेली होती. गुरम्माची पहिली लेक, तीन महिन्यांची. तापानं गेली. भर पावसाळा, चाकूरच्या शेतापर्यंत न्यायला गाडी मिळेना. लिंगायतांत गेलेल्याला जाळत नाहीत, बसवून माती देतात. सिद्धरामनं परसातच खड्डा घेतला, लेकीच्या कपाळाला विभूती लावली आणि तिला मांडी घालून बसवलं. तीन महिन्यांच्या लेकराला कसली मांडी येते! बापानंच हातानं पाय दुमडले. मग बायकोला म्हणाला, "शिवाकडं गेली ती, रडू नको. आन् कुणाला सांगू बी नको. ऱ्हात्या जागेत पुरलं म्हणून लोक हाकलून देतील." गुरम्मानं जवळजवळ पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही. पोटच्या संगमेशलाही सांगितलं नाही. तो नंतरचा, नव्या घरात जन्मलेला.

सिद्धराम जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा कॉलनीला त्याची आठवण आली. आपल्याकडं माणूस मेल्याशिवाय मोठा होत नाही, बघा. समितीचे अध्यक्ष विरूपाक्ष अप्पा, पेन्शनीतले मास्तर, स्वतः घरी आले. म्हणाले, "अव्वा, पहिलं घर जिथं व्हतं तिथंच मालकांचं स्मारक करायचं ठरलंय. जागा तुमच्याशिवाय कोण दाखवणार आता?"

गुरम्मा हरखली. मालकाचं नाव दगडावर! पदर सावरत मोकळ्या जागेवर गेली, तर तिथं जेसीबी येऊन उभं.

"हे कशाला रं बाबा?"

"चौथऱ्याला, अव्वा. घर, अंगण, परस, सगळं सहा फूट उकरून घेतो. पाया मजबूत पायजे की!"

लोखंडाचे ते दात तिनं बघितले. मग ती चालायला लागली. खरी जागा ओलांडली, आणखी वीस पावलं गेली आणि थांबली.

"हितं. हितं दार व्हतं आमचं. आन् परस तिकडं, रस्त्याच्या अंगाला."

अप्पांनी वहीत सगळं टिपून घेतलं. महिनाभरात काळा दगड उभा राहिला: 'या जागी बाभळमाळचे पहिले रहिवासी सिद्धराम यांचे घर होते.' खाली घराचा नकाशाही कोरला, दार इकडं, परस रस्त्याकडं. मास्तरच ते, अर्धवट काम करतील का? गुरम्माला शाल घातली, लोक पाया पडले. ती मनात म्हणाली, "मालक, माफ करा. तुमचं नाव सरकवलं, पर लेकीला हलू दिलं न्हाई."

तिला वाटलं, सुटले.

मग उन्हाळा आला. नळाला दहा-दहा दिवस पाणी नाही, टँकरखाली बायकांची भांडणं. समितीनं मोकळ्या जागेत बोअर घ्यायचं ठरवलं आणि केरबा पाणाड्याला बोलावलं. केरबा तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरतो. जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. सगळी जागा फिरून झाली, नारळ काही हलेना. आणि उभा राहिला तो बरोबर तिथंच, दगडाच्या वीस पावलं अलीकडं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

गुरम्मा चपला न घालताच धावत आली. "तिथं नको! अप्पा, तिथं माझी लेक हाय! परसात पुरलीया तिला!"

अप्पा गोंधळले. "अव्वा, परस तर रस्त्याच्या अंगाला व्हतं ना? तुम्हीच सांगितलं. हे बघा, दगडावर हाय."

"खोटं बोलले मी! पाया पडते तुमच्या. दगड खोटा हाय!"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. अप्पांनी हळूच विचारलं, "संगमेश, तुला बहीण व्हती का रं?"

संगमेशचं तोंड लाजेनं लाल झालं. "न्हाई ओ. वय झालंय तिचं. काहीबी बोलून राहिली आजकाल." त्यानं आईच्या खांद्याला धरलं. "चल अव्वा, घरी चल."

त्याचं तरी काय चुकलं? त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं तोंड शिवून बसली बिचारी, आणि उघडलं तेव्हा ऐकायला कुणी नाही.

दुपारभर मशीन धडधडत राहिलं. गुरम्मा घरात कानावर हात ठेवून बसली होती. दिवस कलता कलता बाहेर एकच आरडाओरडा झाला. पाणी लागलं होतं, तीन इंची! घागरी, बादल्या घेऊन सगळी कॉलनी पळाली. कुणी गुलाल उधळला.

सून सुकन्या पेला घेऊन आली. "अव्वा, पहिला मान तुमचा, अप्पांनी पाठवलंय. जरा मातकट हाय, निवळंल उद्यापर्यंत. पर लई गोड हाय."

गुरम्मानं पेल्यात बघितलं. "सुकन्या, तुझ्या नवऱ्याला बहीण व्हती गं. शिवकन्या नाव व्हतं."

"हाव अव्वा, व्हती," सुकन्या म्हणाली, लहान लेकराची समजूत काढतात तशी. "प्या आता."

गुरम्मानं पेला दोन्ही हातांत घेतला आणि तळाच्या मातीसकट पिऊन टाकला.