डाव्या कानाची मेंढरं

भिवराबाई झरीजवळच्या वस्तीवर नांदायला आली ती पायी, आणि तिच्या मागून दोन मेंढ्या आल्या. साल अठ्ठ्याहत्तर, उन्हाळ्याचे दिवस. विद्यापीठाच्या नामांतराच्या पायी गावंच्या गावं पेटायची अजून बाकी होती. तिचा बाप सिताराम जातीचा धनगर. घरात धड भांडं नव्हतं, पण लेक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यानं आपल्या मेंढरांच्या खांडातल्या दोन काळ्याभोर तरण्या मेंढ्या आंदण दिल्या. दोन्हींचा डावा कान शेंड्याला चिरलेला. ती सितारामच्या घरची खूण. निघताना तो एवढंच म्हणाला, “माय, आईचा जो कान, तोच लेकराचा कान. इसरू नको.”

धनगरांची रीत तशीच. मेंढी व्याली की आठ-दहा दिवसांत आईच्या कानाची खूण कोकराच्या कानाला करायची. नवऱ्याची मेंढरं आणि बायकोच्या आंदणातली मेंढरं चरतात एका माळावर, पाणी पितात एका ओढ्यावर. कान मात्र ज्याचा त्याचा. तिच्या नवऱ्याच्या, बिरूच्या घरची खूण होती उजव्या कानाला, खालच्या अंगानं खाच.

बिरू माणूस वाईट नव्हता. दारूला शिवला नाही, बायकोवर हात उगारला नाही. बोलणंच कमी. काही लागलं की तो मागं न बघता हात पुढं करायचा, आणि त्या हातात ती वस्तू यायची. पाण्याचा तांब्या, घोंगडी, काठी. कुठून आली, कोणी आणली, हे त्यानं कधी मान वळवून पाहिलं नाही.

कान कापायला दोघं लागतात. एकानं कोकरू मांड्यांत दाबून त्याच्या डोळ्यांवर तळवा धरायचा, दुसऱ्यानं कात्री चालवायची. धरायचं काम बाईचं, कात्री बाप्याची. पहिली सात वर्षं भिवराबाईच्या मेंढ्यांची कोकरं डाव्या कानाची झाली. आठव्या वर्षी तिनं कोकरू धरलं आणि बिरूनं त्याचा उजवा कान चिमटीत घेतला.

“आवो, हे माझ्या मेंढीचं हाय.”

“मालूम हाय.”

“मंग उजवा कामून?”

“दोन-दोन खुणा कशाला? कोनाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवाया नेली की लोक इचारतेत, अर्धी कोनाची म्हनून. लाज वाटायलीय.”

एवढं बोलून त्यानं कात्री चालवली. कोकरू मांड्यांत थरथरलं. भिवराबाईनं हात सोडला नाही; अर्ध्यावर सोडावं तर कान फाटतो. एकच तर आहे, तिनं मनाशी म्हटलं.

सासूच्या कानावर गेलं. ती चार बायांत म्हणाली, “नवऱ्याच्या घरात आपलं नि त्याचं काय असतं गं? तुहा सोताचा कान कोनाचा हाय ते सांग आधी.” सगळ्या हसल्या. भिवराबाईही हसली. न हसून जाते कुठं?

पुढं दर साली तेच. बिरू हात पुढं करायचा, ती कोकरू घेऊन बसायची. जुन्या मेंढ्या म्हाताऱ्या होत गेल्या, काही ताडकळसच्या बाजारात गेल्या, काही रोगानं मेल्या. लग्नाला सोळा वर्षं झाली. नामांतर झाल्याची बातमी आली त्या साली खांडात डाव्या कानाची एकच मेंढी उरली होती, निम्मे दात पडलेली.

त्याच साली पोरीचं, म्हाळसाचं, लगीन पाथरीकडं जमलं. पोर पंधराची. भिवराबाईनं भाकरी वाढता वाढता विषय काढला.

“म्हाळसाच्या मागं माझ्यातल्या दोन मेंढ्या जाऊ द्या.”

“तुझ्यातल्या कोन्त्या?”

“अर्धं खांड माझ्याच मेंढ्यांच्या पोटचं हाय.”

“कान दाव,” बिरू म्हणाला. आवाजात राग नव्हता. भाकरी मोडून त्यानं कालवणात बुडवली.

मग ती दत्तरावकडं गेली. दत्तराव बिरूचा चुलता, भावकीत त्याचा शब्द चाले. लिंबाखाली दोरी वळत बसला होता. तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला, दोरीला पीळ देत राहिला.

“खूण कोनाची हाय आता?”

“त्यांची.”

“कापली कोनी?”

“त्यांनीच.”

“आन् धरलं कोनी?”

भिवराबाई त्याच्या हातातल्या दोरीकडं बघू लागली.

“धरलं कोनी, बाई?”

“म्या.”

“मंग? इतकी सालं धरलंस आन् आज बोलायलीस?” तो तिच्यावर खेकसला नाही, उलट समजावल्यासारखा बोलला. “बिरूला सांगतो म्या. लेकीला दोन मेंढ्या देईल तो. त्याच्या खुणीच्या देईल. लेक त्याचीबी हायच की.”

“पर मामंजी, त्या माझ्या बापाच्या घरून आलेल्या, असं कोन म्हनंल?”

“म्हनून काय करायचं हाय?” दत्तराव खरंच नवल वाटल्यागत म्हणाला.

ती परत आली. पंधरवड्यानं ती निम्म्या दातांची मेंढी व्याली. मादी कोकरू. नवव्या दिवशी बिरू कोकरू आणि कात्री घेऊन अंगणात बसला, हात मागं करून म्हणाला, “धर.”

भिवराबाई भिंतीशी चातीवर लोकर कातत होती. उठली नाही.

“म्या न्हाई धरत. कापायचा तर डावा कापा.”

बिरूनं मान वळवली. सोळा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो बोलला, पण तिच्याशी नाही.

“म्हाळसे, ये गं इकडं. धर जरा.”

पोर ओले हात परकराला पुसत आली. तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. लहानपणापासून बघितलेलं होतं. ती खाली बसली, कोकरू मांड्यांत दाबलं, त्याच्या डोळ्यांवर अलगद तळवा ठेवला. भिवराबाईचा हात चातीवर थांबला. पोर एकदा आईकडं बघेल म्हणून ती वाट बघत होती.

पोरीनं बघितलं नाही. बापानं सांगायच्या आधीच तिनं कोकराची मान वळवली आणि उजवा कान त्याच्यापुढं केला.

कात्री चालली. कोकरू ओरडलं, म्हातारी मेंढी दाव्याला हिसके देऊ लागली. कानाच्या कडेनं रक्त पोरीच्या परकरावर ठिबकू लागलं. रक्तावर दाबायला राख हवी होती. बिरूनं मागं न बघता हात पुढं केला.

भिवराबाईनं चाती खाली ठेवली आणि ती चुलीकडं गेली.